खरवड

मार्केटयार्डात, भुसार गाळ्यावर,
दाणा दातांखाली धरून मी सांगतो
तांदूळ जुना की नवा, कुठल्या रानाचा.
माझ्या दातांवर दर ठरतात तिथे.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली, मेघना पिंगळे,
हातात वही, मनगटावर भाजल्याचा डाग.
काका, बुटका हवा. जाडा हवा.
पाणी भरपूर पिणारा, पण गळ्यात पडणारा नको.
म्हटलं, असा तर लोक जावई शोधतात.

इंद्रायणी दिला, तो चिकटला.
कोलम दिला, तो सुटाच राहिला, कुणाचाच झाला नाही.
आंबेमोहोर हुंगून म्हणाली, हा एकटाच बोलत राहील.
शेवटी वेल्ह्याकडचा जाडा,
ज्याच्या पोत्यावर नावसुद्धा नसतं,
जो आम्ही खानावळींना अडतिसाने काढतो,
तो तिला पटला.
महिन्याला चार कट्टे जायला लागले.

परवा फोन आला: एकदा जेवायला या ना, काकूंना घेऊन.

कोरेगाव पार्क. रात्रीचे साडेनऊ,
आमच्याकडे भांडी पालथी घालायची वेळ.
शैलाने ती साडी नेसलेली
जी लग्नाला पुरते आणि बारशाला जास्त होते.
वेटरच्या छातीवर लिहिलेलं, रॉड्रिगो.
पाणी ओतता ओतता हळूच म्हणाला,
मी भूम तालुक्यातला, काका. तुम्ही?

आधी वाट्या आल्या.
मग आणखी वाट्या.
शैला म्हणाली, ही सगळी ताटाची डावीच बाजू,
उजवी कधी वाढणार?
खारवलेली हिरवी फळं होती, करवंद समजून चावलं,
बी कुठे टाकायची कळेना,
गालात धरून बसलो. एक, मग दोन, मग तीन.
टोमॅटोचं सार आलं, गारढोण.
तिने वाटीला बोट लावून माझ्याकडे पाहिलं:
गरम करायला विसरले. बोलू नका, पोर नवीन आहे.

दहा वाजून गेल्यावर तो आला.
माझा तांदूळ.
दोन कानांच्या उथळ काळ्या लोखंडात,
केशरात न्हालेला, अंगावर कोळंबी,
मी ओळखलाच नाही आधी.
एक दाणा उचलला, दातांखाली धरला.
होय. वेल्हे. मागच्या दिवाळीचा.
अडतीस रुपये किलो, इथे चौदाशे पन्नास,
तो भागाकार मी एका बीसकट गिळला.

रॉड्रिगो वाकला, उलथन्याने तळ खरवडला,
तांबूस, कडक, जरा करपलेला पापुद्रा
शैलाच्या ताटात ठेवला.
यासाठी तिकडे भांडणं होतात, काकू.
पहिला मान तुमचा.

माझा चमचा तिथेच राहिला.
एकतीस वर्षं रोज रात्री
आम्ही पानावरून उठलो की ती पातेलं जवळ ओढायची.
उलथन्याचा तो खर्रर्र आवाज
मला बाहेर बातम्यांतूनही ऐकू यायचा
आणि मी आवाज वाढवायचो, बातम्यांचा.
घशात काहीतरी आलं. बी नव्हे.
म्हटलं, शैला, इतकी वर्षं तू उरलंसुरलं...

ती खात होती. कुरुम कुरुम. डोळे मिटून.
उरलंसुरलं?
अहो, शेवटी दोन मिनिटं गॅस मी मुद्दाम मोठा करायचे.
तुम्हाला कशाला सांगू?
वाटा मागितला असतात.

मेघना आतून आली, कपाळावर घाम:
कसं झालंय, काकू?
शैलाने दुसरा तुकडा मोडत, मान वर न करता सांगितलं,
तांदूळ ठीक आहे. विस्तव अजून थोडा हवा होता.
मेघनाने वही काढली.
मी चमचा पुढे केला,
तर भांडं दोन बोटं तिकडे सरकलं.

रिक्षात रुमाल सोडला. दोन बिया.
कुंडीत लावून बघू, म्हणाली, आणि पर्समध्ये टाकल्या.
खारात मुरलेलं बी रुजत नाही, हे मला ठाऊक आहे.
पण मला काय काय ठाऊक आहे
ते आज कळलंच होतं,
म्हणून गप्प बसलो, गुलटेकडी येईपर्यंत.