शेवटचा आवळ

अ‍ॅडलेडहून खोकं आलं मंगळवारी:
दोन लोखंडी हात, काळा रंग,
एक बोल्ट कमी.

गेल्या वर्षी गाडी दोन इंच उंच केली,
तेव्हापासून सरळ रस्त्यावरही ती
प्यायल्यासारखी चालते.
"अ‍ॅक्सलचा कल बिघडलाय," ज्वोंको म्हणतो,
माझा बाप,
ओपलच्या खाणीत उजवं मनगट गमावून बसलेला.
म्हणून पाना माझ्याकडे, टॉर्च त्याच्याकडे.

कूबर पेडीत असली कामं ऊन उतरल्यावरच.
पाठीखाली पुठ्ठा, दातांत पांढरी धूळ.
जुना बोल्ट हलेना.
पान्याला पाइप जोडून लोंबकळले,
तेव्हा एकदाच किंचाळला नि सुटला.
रबराचा बुश निघाला
वाळल्या अंजिरासारखा भेगाळलेला.
बापाने तो हुंगला, का कुणास ठाऊक,
आणि खिशात टाकला.

नव्या हाताचं भोक जुळेना.
अ‍ॅक्सल पट्ट्याने ओढला, केसभर, आणखी केसभर,
"थांब. आता! नाही, गेलं."
कमी पडलेला बोल्ट शेवटी
शेजारच्या स्तेल्योसच्या बिस्किटांच्या डब्यात सापडला.

आवळायला लागले तसा बाप ओरडला,
"अधांतरी असताना नाही!
आधी चाकांवर उतरव,
तिचं वजन तिला पेलू दे, मग आवळ.
नाहीतर रबर पिळलेलंच राहतं,
महिन्याभरात फाटतं."

आई पर्थला गेली त्या आठवड्यात
आम्ही सगळंच अधांतरी आवळलं होतं.
हे मी बोलले नाही.
जॅक खाली घेतला.
त्याने डाव्या हाताने पान्याचं टोक धरलं.
टक्क.

रात्री विल्यम क्रीकच्या रस्त्यावर
क्षणभर स्टिअरिंग सोडून पाहिलं.
गाडी सरळ.
"दोन्ही हात," बाप म्हणाला,
डोळे न उघडता.