इतिवृत्त

ग्रामसेवकाने लिहिलं : नाल्याबाबत चर्चा झाली.
मागच्या सतरंजीवरून भिवराबाई टेकाम उठली.
‘वाचून दाखवा.’
त्याने वाचलं.
‘कोन बोल्लं, थे नाई लिवलं.
मायं नाव लिवा. पानी किती, थे बी लिवा.’
‘किती फूट?’

फूट तिला ठाऊक नव्हते.
चहाच्या चुलीतला विझका कोळसा घेतला,
नातीला पंचायतीच्या भिंतीशी उभं केलं
आणि गळ्याजवळ रेघ ओढली.
‘येवढं. शाळेच्या येळी.’

कोणीतरी हसलं.
सरपंच उठून भिंतीशी गेले.
रेघ त्यांच्या कमरेला लागली.

तेव्हापासून भिंतीला दोनदा चुना झाला,
रेघ दोन्ही वेळा रातोरात परत आली.
नात आता रेघेच्या वर गेलीय,
पूल अजून नकाशात.

इंजिनिअर आले की आम्ही पाणी नंतर देतो,
आधी भिंतीशी उभं करतो.