रकाना नऊ

अर्जातला नववा रकाना: व्यवसाय.
बोरकुटे साहेब पेन उलटं धरून टेबलावर वाजवतात.
"नोकरी नाही, दुकान नाही,
मग तुम्ही नेमकं काय करून राहिल्या मॅडम?"

मी कुकरची गॅस्केटं विकते, साहेब.
तीन लिटर, पाच लिटर, आतल्या झाकणाची, बाहेरच्या झाकणाची.
शिट्ट्या, वॉल्व्ह, मुठी,
आणि मुठीचा तो एक स्क्रू,
जो हरवला की अख्खा कुकर माळ्यावर जातो.
हसनबागेत, घराच्या मागच्या खोलीत,
जिथे हिवाळाभर आम्ही कूलर झाकून ठेवायचो.

पहिल्या महिन्यात अकरा ऑर्डरी आल्या.
त्यातल्या चार माझ्या मावशीच्या,
चार वेगवेगळ्या नावांनी.
तिच्या घरी कुकर एकच.

दिवसा वाडीच्या ट्रान्सपोर्टमध्ये बिल्ट्या लिहायच्या,
रात्री पत्त्यांची लेबलं.
दोन वर्षं मी कुठेच पूर्ण नव्हते.
मग एका मार्चात
गॅस्केटं पगाराच्या पुढे गेली,
साडेसहाशे रुपयांनी.
तेवढ्यावर राजीनामा दिला.
आई दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी कणीक मळताना म्हणाली,
"पोट्टी येडी झाली."

बाबा मिलमधले.
भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले.
मिल बंद पडली, भोंगा गेला,
तरी रोज सकाळी पावणेसातला
पायात चपला घालून दाराशी उभे राहायचे,
आणि कोणी पाहिलं तर
पेपर उचलायला आलो होतो, असं दाखवायचे.

आता माझा फोन टिंग वाजतो
आणि त्यांचे कान उभे राहतात.
"पाच लिटर का तीन?"
खिडकीशी बसून एकेक गॅस्केट
बोटांवर ताणून उजेडात धरतात,
सूत तपासावं तसं.
चाळिसात एक तरी बाजूला काढतात.
"हे नाही जाणार."
बाबा, नफाच नऊ रुपये आहे एकावर.
"म्हणूनच."

मे महिन्यात चिकटपट्टीचा गोंद पाघळतो,
तेजपूरचं लेबल घसरत घसरत
कोल्हापूरच्या पाकिटावर जाऊन बसतं.
साडेचारला फैजान येतो,
डोक्याला ओला दुपट्टा,
आधी माठाकडे जातो, मग पार्सलांकडे.

कोणी एक स्टार देतं: "आकार चुकला."
सोबत फोटो.
कुकर भलत्याच कंपनीचा,
मागे ओट्यावर पातेल्यात भिजलेला राजमा.
पैसे परत केले.
रात्री एक वाजेपर्यंत माझ्या डोक्यात
तो राजमा शिजत नव्हता.

आणि एकदा खातंच गोठलं.
कुठलासा कागद जुळत नव्हता, कुठला ते कोणी सांगेना.
फोनवर माणूस नाही,
एक दाबा, दोन दाबा, पुन्हा एक दाबा.
नऊ दिवस टिंग नाही.
मी हिशेबाची वही उघडायची, मिटायची.
पाचव्या सकाळी पाणी भरायला उठले
तर बाबा दाराशी,
पायात चपला.
आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही.

दहाव्या दिवशी खातं सुटलं.
मेलमध्ये दोनच ओळी, असुविधेबद्दल खेद.
बाबांनी चपला काढल्या आणि विचारलं,
"काऊन, कात्री कुठं ठेवली?"

हे सगळं रकान्यात मावत नाही, साहेब.
रकाना माझ्या अंगठ्याएवढा.

बोरकुटे जरा थांबले.
मग सुबक अक्षरात लिहिलं: इतर.
खाली विचारलं होतं, पूर्णवेळ की अर्धवेळ.
पेन त्यांनी माझ्याकडे सरकवलं,
पण माझं लक्ष त्यांच्या मागच्या घड्याळात.
चार वाजायला दहा कमी,
अठ्ठावीस पाकिटं बांधायची राहिली,
आणि घरी बाबांनी एव्हाना
एखादं बाजूला काढलंच असेल.