सुट्टे

सायकल पुण्याच्या भाच्याची,
एकवीस गिअरची, कंटाळून टाकलेली.
एसटीच्या टपावरून वेलदूरला उतरली
आंब्याच्या रिकाम्या पेट्यांबरोबर.

मी पतपेढीची पिग्मी गोळा करते.
रोज बावीस दुकानं, तीन होड्यांचे मालक,
धोपाव्याच्या जेटीवरचा भजीवाला.
आणि मधे ती चढण, जांभ्यात कापलेली,
जिथे माझ्या वयाच्या बायका
बसून दम खातात, गुडघ्यांना शिव्या देतात.

पहिल्याच बुधवारी
अर्ध्या चढावर, श्वास संपल्यावर,
पेडलवर उभी राहून सगळं वजन घालत
मी खटका दाबला.
चेन ओरडली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी.
मग पायाखाली एकदम काहीच नाही.
पेडल हवेत फिरलं
आणि नडगी दातेरी चक्रावर.
पिशवी उघडली. अठराशे चाळीस रुपये
उताराला लागले,
दहाची नाणी सगळ्यांच्या पुढे.
कालवंवाली चंद्रभागा खाली उभी होती,
तिने पायाने अडवली बरीचशी.
चौदा रुपये अजून त्या गटारात आहेत.
ते मी माझे भरले.

हनीफ पांगारकरांचं दुकान म्हणजे
एक माड, एक ताडपत्री, टांगलेला टायर.
त्यांनी आधी नडगी पाहिली, मग चेन.
"बाय, भजीवाल्यासमोर उभी राहून
सुट्टे शोधतेस, की आधी?"
आधीच, म्हटलं. सकाळीच पेढीतून घेते.
"मग चढाला काय वेगळं?
चढ दिसला की सपाटीवरच मोडून घे.
पाय चालू ठेव, पण जोर काढून,
झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात काढतात तसा.
एक खटका. थांब.
चेन बसल्याचा आवाज ऐक. मग दुसरा.
आणि पुढचं मोठं, मागचंही मोठं, असं लावू नको.
तिरपी ओढली की रापणसुद्धा फाटते."

मग त्यांनी डावं पेडल काढून दाखवलं.
त्याचा आटा उलटा.
उजवं ज्या दिशेला आवळतं
त्याच दिशेला हे सुटतं.
"एकाने जबरदस्तीने बसवलं, सगळा आटा खाल्ला.
बोटाने बसतंय का बघायचं आधी.
पाना नंतर."

दोन दिवस ते वाक्य
माझ्याबरोबर दारोदार फिरलं.

जेटीचा उतार वेगळा.
तिथे पेडल मारायचंच नाही,
पावणेतीनच्या काट्यांसारखी दोन्ही आडवी.
वळणावर आतलं वर,
नाहीतर ते दगडाला लागतं
आणि फेरीबोटीच्या आधी तुम्ही खाडीत.
दोन्ही ब्रेक, थोडे थोडे, मागचा जरा आधी.
मासळीच्या पाण्यावर रबरी चप्पल सरकते,
म्हणून लेकाचे जुने शाळेचे बूट.
ओढणी पिशवीत.
सलवारीच्या उजव्या पायाला केसांचा रबर,
त्यावर पोरं हसतात. हसोत.
खारा वारा रात्रभर चेन चाटतो,
म्हणून दर गुरुवारी तेल, थेंब थेंब,
आणि मग ते पुसून टाकायचं.
हे पुसणं मला पटायला वेळ लागला.
घातलेलं पुसायचं?
पण पुसलं नाही तर जांभ्याची धूळ बसते,
तांबडं उटणं होतं तेलाचं.

आता वडापर्यंत पोचले की मी मोडून घेते,
एक, दोन, तिसरा,
पाय हलके, अगदी फुकट फिरल्यासारखे.
इतकी हळू जाते
की परवा एक कोंबडी मला मागे टाकून गेली.
बसलेल्या बायका विचारतात, सोपं पडतं का गं?
चढ तेवढाच आहे.
फक्त आता तो एकरकमी मागत नाही.

गटारापाशी मात्र नजर जातेच.
चौदा रुपये.
पावसात येतील वाहत खाली,
चंद्रभागा उभी असते तिथे,
ती काय सोडणार आहे.