चिठ्ठी क्रमांक तीन

खानापूरच्या आयटीआयत साडेअकराला लाईट गेली
आणि चौदा कॉम्प्युटर एकदम डोळे मिटून बसले.
कुडचीकर सर म्हणाले, बरं झालं.
आता तुम्हीच व्हा की कॉम्प्युटर.

व्हरांड्यातला चपलांचा रॅक झाला मेमरी,
खणांवर खडूनं आकडे,
पाच खणांत पाच चिठ्ठ्या, पाच जणांच्या हस्ताक्षरात.
भरमू काउंटर. त्याच्या पाटीवर फक्त
पुढच्या खणाचा नंबर,
बाकी जगाशी त्याला देणंघेणं नाही.
नेमिनाथनं चिठ्ठी आणायची.
वैजयंतानं ती मनात वाचायची
आणि ज्याचं काम त्याच्याकडे बोट करायचं.
मी, म्हणजे माझा उजवा तळवा,
ॲक्युम्युलेटर.
चिंचोके येतील, मी धरीन. का, ते विचारायचं नाही.

तवनाप्पा शिपाई स्टुलावर,
मांडीवर जेवणाची थाळी, हातात चमचा.
टण्: आण.
टण्: वाच.
टण्: कर.

तीन चोक बारा करायचं होतं. हसू नका.
यंत्राला पाढे येत नाहीत.
त्याला तीन येतात, परत तीन येतात,
आणि दर फेरीला फळ्यावरच्या चारातला एक जातो.
शून्य झालं की थांबायचं.

पहिली चिठ्ठी: हात रिकामा कर.
दुसरी: तीन चिंचोके घाल.
तिसरी इराप्पानं लिहिलेली. तो बैलहोंगलकडचा.
आम्हाला वाचता यावी म्हणून अक्षर बाळबोध,
आत मात्र त्याच्या घरची भाषा:
ओंदु कळे.
चौथी: फळ्यावर शून्य नसेल तर दोनवर जा.
पाचवी खणातच राहिली, घडीसुद्धा मोडली नाही.

वैजयंता नुकतीच आंबोलीहून आलेली.
ओंदु तिनं सोडून दिलं, बाहेरगावचं काहीतरी असेल.
कळे मात्र ओळखीचं.
तिला वाटलं, समजून घे म्हणतायत.
तिनं समजून घेतलं. मान डोलावली.
टण्.
फळ्यावर चार.

फळ्यापाशी इराप्पाच होता, डस्टर घेऊन.
त्यानं काय लिहिलंय हे त्यालाच ठाऊक,
पण बोट आल्याशिवाय पुसायचं नाही हा नियम,
आणि तो नियम पाळणारा मुलगा.
मी त्याच्याकडे बघत होते. तो वैजयंताकडे.

नवव्या फेरीला माझा तळवा भरला.
त्यानंतरचे चिंचोके फरशीवर,
बाकाखाली, सरांच्या चपलेपाशी.
कुणी वाकलं नाही.
भरमू दोन, तीन, चार, परत दोन,
त्याच्या चालीला एक सुंदर वळण आलं होतं,
लग्नात वाढणाऱ्या माणसाला येतं तसं.
सर खिडकीशी, हाताची घडी,
आणि मला पहिल्यांदा भीती वाटली
की आपण बरोबर वागतोय.

मग पंखा कुरकुरला. लाईट आली.
नेमिनाथच्या हातात दुसरी चिठ्ठी,
वैजयंता वाचून झालेली,
तवनाप्पांचा चमचा हवेत तसाच.

"कळे म्हणजे वजा कर," इराप्पा म्हणाला,
इतक्या हळू, जणू चूक त्याचीच.
वैजयंतानं चिठ्ठी पुन्हा उघडली
आणि बराच वेळ बघत राहिली त्या दोन अक्षरांकडे.

सरांनी हजेरीच्या पाठीवर हिशेब मांडायला घेतला,
फेऱ्या किती, चिंचोके किती,
आम्ही गुडघ्यांवर, बाकांखाली हात घालून.

"दोनशे बारा," तवनाप्पा म्हणाले.
आम्ही वर बघितलं.
त्यांनी थाळी पंच्यानं पुसली.
"ठोके. मी मोजत होतो,
कुणीतरी विचारील म्हणून."