सर्जेकोटचे सात कर्नल

होड्या झापांखाली गेल्या. डिझेलचं रजिस्टर मिटलं.
बर्फाच्या कारखान्यात, जिथे एरवी पाय ठरत नाही,
मांजर व्याली आहे.
बंदीच्या ह्या दोन महिन्यांतच
सोसायटीच्या कॉम्प्युटरला हात लावायची मुभा.
एरवी सगळे म्हणतात, चालतंय ना?
मग चालू दे.

आज अपडेट लावलं. चाळीस टक्क्यांवर अडलं.
म्हणालं, जागा नाही.
दोनशे जीबी ओस पडलेत, आणि जागा नाही!
मग कळलं, नाही ती उंबऱ्यालगतच्या कप्प्यात,
बूट नावाच्या,
जाग येताच मशीन पहिल्यांदा जिथे हात घालतं.
एवढासा कप्पा, आणि आत सात कर्नल
अंगाला अंग लावून उभे.

दारात जगन्नाथ मेथर जाळं तुणत होते.
"कर्नल? सात-सात?
आणि लढाई खंयची गो?"
मी म्हटलं, मिलिट्रीतले नव्हेत. हा गाभा.
हा असतो म्हणून बोटाचा शब्द पडद्यावर पोचतो,
प्रिंटर ओळख देतो.
नवा आला तरी जुना जात नाही,
मागे सरकून उभा राहतो.
"बरोबर हा," मेथर म्हणाले.
"नवी होडी पाण्यात उतारली म्हणान
जुनी त्याच दिवशी फोडतत काय?"
"पण सात, काका?"
"सात नको. सातांका शाकारूक
झापां खंय मेळतली?"

पहिलं काम, सध्या कोण वल्हवतोय ते विचारणं.
त्याला हात लावायचा नाही.
त्याच्या आधीचा एक ठेवायचा,
नवा रुसला तर.
बाकीचे नावं वाचून, एकेक, घाई न करता,
जरी यूपीएस चारच मिनिटं तग धरतो
आणि पोस्टाकडची लाईट आत्ताच गेली आहे.

चार गेले.
पाचवा हलेना.
पाचवा कुणीतरी बांधून ठेवला होता.

माझ्या आधीच्या आग्नेलने. त्याची फाईल सापडली,
नाव: "वाचल्याशिवाय काही करू नये".
आत दोनच ओळी:
५.४ काढायचा नाही, वजनकाट्याची केबल ह्याच्यावरच चालते.
नवा घातलात तर बांगडा शून्य किलो भरेल.

काटा बघायला मी मागे गेले.
माडाच्या बुंध्याशी उताणा पडलाय,
ताटात पाणी, पाण्यात बेडकाची पिल्लं,
केबल कुणी तरी वेलाच्या मांडवाला बांधून टाकलेली.

आग्नेलला फोन केला. तो आता मोपाला,
विमानतळावर, बॅगांच्या पट्ट्यापाशी.
"खंयचो काटो?"
मी चिठ्ठी वाचून दाखवली.
मागे कसलीशी घोषणा झाली, संपली.
"ह्यां मी लिवलंय?"
मग हसला. "बांगड्याचां बरां लिवलंय मरे.
काडून टाक."

टाकला. अपडेट शंभरावर गेलं.
बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा पंखा
आजारी माणसासारखा खाकरला आणि लागला कामाला.
"किती रवले?" मेथरांनी दोरा दातांनी तोडला.
"नवा धरून तीन."
"एक जास्त."
"पुढच्या बंदीत, काका."

निघताना सवयीने यादी पुन्हा पाहिली.
पाचही नावं होतीच अजून,
प्रत्येकाआधी दोन अक्षरं, आरसी:
गेला, पण त्याच्या सवयी इथे आहेत.
त्याही पुसायची एक आज्ञा असते.
चौघांना दिली.
५.४ ची ओळ राहू दिली. खाते किती, चार केबी.

आणि आग्नेलच्या फाईलमध्ये, त्याच्या दोन ओळींखाली,
तारीख घालून लिहिलं,
माझ्यानंतर ह्या खुर्चीत कोण बसेल त्याच्यासाठी:

५.४ काढला. काट्यात बेडूक आहेत.
प्रणोती.