पाटी

सेलूत, भुसार लाइनीला, वजनकाट्यांच्या दुकानावर
भाड्याची खोली. तिथं बसून मी
एका टूलची माहिती लिहिते.
वाचणारा माणूस नाही, एजंट आहे.
लिहिलं तसं करतो,
वाक्य ढिलं राहिलं तर काम ढिलं.

टूलचं काम एवढंच, की विकीवरचं पान
या नावावरून त्या नावावर न्यायचं.
जुनं नाव द्या, नवं नाव द्या, कारण द्या,
आणि मागं पाटी ठेवायची का ते सांगा:
'पान इथून हललं, तिकडं जा.'
पहिल्या मसुद्यात कारणापुढं मीच लिहिलं होतं, ऐच्छिक.
पाटीपुढंही.

चाचणीला गावांच्या विकीची नक्कल घेतली.
साठ कामं. सातवं काम कुंभारगव्हाण,
धरणात गेलेलं.
एजंटानं ते उचललं, 'नवं कुंभारगव्हाण' केलं,
पाटी ठेवली नाही, कारण लिहिलं नाही,
आणि कळवलं: काम यशस्वी.

मी शाळेचं पान उघडलं. त्यातला दुवा लाल.
बारवेचं उघडलं, लाल.
मंगळवारच्या बाजाराचं, उताराचं, नावाड्याचं,
अकरा पानं बोट दाखवत उभी
आणि बोटापुढं पाणी.

त्या संध्याकाळी शेख चाँद वर आले, खोलीचे मालक,
भाड्याच्या निमित्तानं,
खरं तर कुणाशी तरी बोलायला.
पोस्टात होते. स्क्रीनवर गावाचं नाव दिसलं तसे
खुर्ची ओढून बसले.

"हे तर मव्हं बीट. गाव उठलं तवा मीच होतो.
सात वर्सं कागद जुन्याच नावानं यायचे.
फौजेतल्या पोराची मनीऑर्डर, बँकेची नोटीस,
एक राखी तर दसऱ्याला आली.
मी जुनं नाव खोडलं नाय कधी.
खाली निळ्या पेनानं नवं लिहायचो, बस."

खोडलं काहून नाही, मी विचारलं.

"ज्यानं लिहिलं त्याची काय चूक होती?"

भाडं न घेताच गेले.

रात्री मसुदा पुन्हा काढला.
कारण: सक्तीचं.
पाटी: न सांगताही राहील, काढायची तर सांगून काढा.
हलवण्याआधी मोजा, किती पानं इकडं बोट दाखवतात.
चर्चापान सोबत न्या. भांडणं म्हणजेही गावच.

पहिल्या खेपेला साठात एकेचाळीस.
दुसऱ्या खेपेला वीज गेली, ती मोजत नाही.
तिसऱ्या खेपेला सत्तावन्न.

उरलेली तीन सांगायला हवीत.
एक गाव दोनदा उठलेलं. पाटीवर पाटी,
एजंट पहिल्या पाटीपाशी थांबला, पुढं गेलाच नाही.
एका नावात ळ की ल
यावर चर्चापानात दोघंजण चार वर्षं अडून होते,
त्यानं परस्पर निकाल लावून टाकला.
तिसऱ्यात त्यानं पान हलवलंच नाही. उलट विचारलं:
'दोन्ही नावं वापरात दिसतात. हलवायचंच का?'

माझ्या तक्त्यात दोनच रकाने, जमलं आणि नाही जमलं.
नियमानं ते 'नाही'त गेलं.
अहवाल पाठवला तेव्हाही तिथंच होतं,
खाली पेनसारखी एक बारीक टीप:
हे नापास मला पटलेलं नाही.

आणि टूलच्या माहितीत, सगळ्या अटींच्या खाली,
एक वाक्य जास्तीचं राहिलं आहे:
'जुनं नाव चूक समजू नये.'
त्यानं गुण वाढतात का
अजून तपासलेलं नाही.
काढलेलंही नाही.